३००, १००, परत ३००: वाळूजच्या गेटवरून दिसणारा कामगार कायदा

नोव्हेंबर २०२५ मधे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नवे लेबर कोड लागू झाले तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) वाळूज-शेंद्रा एमआयडीसीत एकच बोलणं चालूय, आता ३०० पेक्षा कमी कामगार असले की माणसं काढायला मालकाला सरकारला विचारायचं कामच नाही. खरंय, पण अर्धंच. हा ३०० चा आकडा काही नवीन नाही.

मूळ औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा, तेव्हा मराठवाडा निजामाकडं होता. त्यात १९५३ साली पहिली मोठी भर पडली ती मंदीमुळंच, कापड गिरण्यांत माल साचला, गिरण्या बंद पडायची पाळी आली, मग सरकारनं ठरवलं की लेऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर निम्मा पगार अन् कायमचं काढलं तर भरलेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा पगार द्यायचा. म्हणजे काढा, पण पैसे देऊन काढा. माणसं काढायच्या आधी सरकारची परवानगी घ्यायची अट आली १९७६ ला, ऐन आणीबाणीत, तीबी ३०० अन् वरच्या कारखान्यांना. १९८२ च्या दुरुस्तीनं ३०० चे १०० केले आणि ते लागू झालं ऑगस्ट १९८४ मधे.

आता खरी गोम बघा. त्याच ऑगस्टमधे दुसरी एक दुरुस्ती लागू झाली, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही: कराराची मुदत संपली म्हणून माणूस घरी गेला तर ती कपात, म्हणजे कामावरून काढणं, धरायचीच नाही. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं. पुढच्याच वर्षी, १९८५ ला, बजाजचा वाळूजचा प्लांट सुरू झाला, मागोमाग सुटे भाग पुरवणारे व्हेंडर आले, वाळूजशेजारच्या पंढरपूर-रांजणगावात खोल्या भाड्यानं जायला लागल्या. म्हणजे अख्खं वाळूज वाढलं ते या दोन्ही दुरुस्त्यांच्या सावलीत. परमनंट थोडे, बाकी ठेकेदाराचे, ट्रेनी, नाहीतर २४० दिवस भरायच्या आत ब्रेक दिलेले, कारण वर्षात २४० दिवस भरले की कायद्यानं सलग नोकरी धरली जाते अन् भरपाईचा हक्क लागू होतो. ज्याचं नाव कंपनीच्या रोलवरच नाही त्याच्यासाठी १०० काय अन् ३०० काय.

म्हणून २००८ असो का २०१९ ची गाड्यांची मंदी, आधी शिफ्ट कमी झाल्या अन् ठेकेदाराला फोन गेला, उद्यापासून एवढे पाठवू नको. परवानगी कसली अन् नोटीस कसली. २०२० च्या लॉकडाऊनमधे केंद्रानं २९ मार्चला पगार कापू नका असा आदेश काढला, मे महिन्यात मागं घेतला, आणि त्याच मे मधे, ८ तारखेला, जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे १६ मजूर मध्य प्रदेशाकडं चालत निघालेले करमाडजवळ रुळावर मालगाडीखाली गेले. त्यांना रोखून धरणारी नोकरी होती कुठं?

नव्या कोडमधे मर्यादा परत ३००, आणि राज्य सरकारला ती अजून वाढवता येते. परमनंटवाल्यांचं यात नुकसान आहे, माझ्या मते सरळ सरळ आहे. बदल्यात काढलेल्या कामगारासाठी मालकानं १५ दिवसांचा पगार रिस्किलिंग फंडात, म्हणजे नवं काम शिकायसाठीच्या फंडात, भरायचा. मुदतीच्या नोकरीवाल्याला वर्षातच ग्रॅच्युइटी, ही गोष्ट चांगलीय, पूर्वी पाच वर्षं थांबावं लागायचं. पण मुदत संपून घरी गेला तर ती कपात नाही हे १९८४ चं कलम नव्या कोडातबी तसंच राहिलंय, त्यामुळं त्याला कपातीची भरपाईबी नाही अन् त्या फंडातले पैसेबी नाहीत.