एलईडी बल्ब बनवता? आधी बीआयएस नोंदणी, मग स्टार लेबल

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतील गाळ्यांत एलईडी बल्ब जोडणाऱ्या लघुउद्योजकांचा पहिला प्रश्न असतो, वीजबचत दाखवणारा स्टार कसा मिळवायचा? मात्र त्याआधी बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते, आणि खरी अडचण तिथेच होते.

ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारे सर्किट) आतच असलेला, होल्डरमध्ये बसणारा बल्ब आयएस १६१०२ भाग १ या सुरक्षा मानकात येतो. सुटा ड्रायव्हर आयएस १५८८५ मध्ये, तर ऑफिस, हॉटेल, दवाखान्यात लागणारे पॅनल आणि डाउनलायटर आयएस १०३२२ मध्ये. तिन्हींची नोंदणी वेगवेगळी. ती नसेल तर माल विकणेच काय, बनवून गोदामात ठेवणेही बेकायदा आहे.

नोंदणी मिळते ती कारखान्याला, त्याच पत्त्यावर. दुसऱ्याकडून बल्ब बनवून घेऊन त्यावर फक्त आपले नाव छापत असाल, तर अर्ज बनवणाऱ्यानेच करायचा आणि तुम्ही त्याला ब्रँड वापरण्याचे अधिकारपत्र द्यायचे.

अर्ज ऑनलाइन आहे. सोबत कारखान्याचा परवाना किंवा उद्योग नोंदणीचा पुरावा, ट्रेडमार्कचे प्रमाणपत्र (नसेल तर अर्जाची पावती), सही करणाऱ्याचे ओळखपत्र व अधिकारपत्र, महत्त्वाच्या सुट्या भागांची यादी आणि बीआयएस-मान्य प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल लागतो. अहवाल ९० दिवसांपेक्षा जुना चालत नाही, म्हणून बाकीची कागदपत्रे हातात आल्यावरच नमुने प्रयोगशाळेत पाठवा. पत्ता तर अक्षर न् अक्षर जुळवा. उद्यम प्रमाणपत्रावर (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीवर) ‘प्लॉट डी-२७, अंबड’ आणि चाचणी अहवालावर नुसते ‘अंबड एमआयडीसी’, एवढ्यावरूनही शंका काढली जाते आणि तोवर ९० दिवस सरत राहतात.

सगळे जुळले की ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो. पहिली मुदत दोन वर्षांची असते, पुढे नूतनीकरण.

आता स्टार. १ जानेवारी २०१८ पासून एलईडी बल्बना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, म्हणजे बीईईचे लेबल सक्तीचे आहे. स्टार ठरतो तो एका वॅटमागे किती ल्यूमेन (प्रकाश मोजण्याचे एकक) मिळतात यावर. ९ वॅटचा बल्ब ९०० ल्यूमेन देत असेल, तर हिशेब वॅटमागे १०० ल्यूमेनचा. बीईईच्या पोर्टलवर आधी कंपनीची नोंदणी करायची, मग प्रत्येक मॉडेलचा वेगळा अर्ज. त्याला ट्रेडमार्क, बीआयएस प्रमाणपत्र, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्य प्रयोगशाळेचा कामगिरी अहवाल आणि लेबलचा नमुना जोडावा लागतो. अनामत रक्कम भरावी लागते. लघुउद्योगाला ती कमी असते, त्यामुळे उद्यम प्रमाणपत्र जोडायला विसरू नका.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. चाचणीला जो ड्रायव्हर दिला, तोच रोजच्या मालात घाला. चार रुपये वाचतात म्हणून दुसराच ड्रायव्हर बसवला, की बीआयएसला दिलेली भागांची यादी खोटी ठरते आणि ल्यूमेनही घसरतात. बीईई बाजारातून नमुने उचलून तपासते, आणि खोक्यावर नाव तुमचे असते. भाग बदलणे भागच असेल तर आधी कळवा, लागेल ती चाचणी करून घ्या आणि मगच तो माल बाहेर काढा.

मोठ्या इमारतींना माल देणाऱ्यांनी ईसीबीसी २०१७ ही इमारतींच्या ऊर्जाबचतीची संहिताही पाहावी. १०० किलोवॅट किंवा जास्त जोडभार (जोडलेल्या उपकरणांचा एकूण भार) किंवा १२० केव्हीए किंवा जास्त करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) असलेल्या व्यापारी इमारतींसाठी ती आहे. ऑफिसच्या आतल्या दिव्यांना तिच्यात चौरस मीटरमागे ९.५ वॅटची मर्यादा आहे. म्हणूनच सल्लागार दरपत्रकासोबत ल्यूमेनचा अहवालही मागतात. तो दर मॉडेलचा वेगळा, फाइलला लावून तयार ठेवा.