फोटोरेक

फोटोरेक : डिलीट झालेल्या फाइली, तसेच फॉरमॅट झालेल्या किंवा बिघडलेल्या डिस्कवरच्या फाइली परत मिळवून देणारे मुक्त सॉफ्टवेअर. ते टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, चालते. फ्रान्समधील क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी ते २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली ते फुकट मिळते आणि लिनक्स, विंडोज व मॅकओएस या तिन्हींवर चालते. त्यांच्याच टेस्टडिस्क या प्रोग्रामबरोबर ते एका पॅकेजात येते, म्हणून उबुंटू किंवा डेबियनवर टेस्टडिस्क नावाचे पॅकेज बसवले की दोन्ही हाती येतात. नाव फोटोंवरून पडलेले असले तरी पीडीएफ, वर्ड, झिप, एमपी४ धरून ४८० हून अधिक एक्स्टेन्शनच्या फाइली ते ओळखते.

फाइल डिलीट केली म्हणजे तिच्यातला मजकूर पुसला गेला असे नसते. नेमके काय होते ते फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कवर फाइलींची मांडणी ठेवणाऱ्या पद्धतीवर (फॅट, एनटीएफएस, एक्स्ट वगैरे), अवलंबून असते. फॅट पद्धतीच्या कार्डावर डिरेक्टरीतल्या (फाइलींच्या यादीतल्या) नोंदीचा पहिला बाइट ई५ होतो आणि क्लस्टरांची, म्हणजे फाइल साठवलेल्या तुकड्यांची, साखळी शून्य होते. सुरुवातीचा क्लस्टर आणि फाइलचा आकार या गोष्टी तशाच राहतात. एनटीएफएसमध्ये मास्टर फाइल टेबलातल्या नोंदीवर ‘वापरात नाही’ एवढीच खूण होते. लिनक्सवरील एक्स्ट३ आणि एक्स्ट४ मात्र आयनोडमधले (फाइलच्या माहितीच्या नोंदीतले) ब्लॉकांचे पत्तेच पुसतात. तिन्ही ठिकाणी मजकूर असलेले ब्लॉक मोकळे धरले जातात, पण दुसरे काही त्यांवर लिहिले जाईपर्यंत आतला माल जुनाच असतो.

फोटोरेक या नोंदींच्या नादी लागत नाही. ते डिस्कवरचे ब्लॉक ओळीने वाचते आणि ओळखीची सुरुवात शोधते. जेपीईजी फोटो एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनी सुरू होतो. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि पीडीएफ या अक्षरांनी. सुरुवात सापडली की पुढचे ब्लॉक त्याच फाइलचे धरून, त्या प्रकाराच्या रचनेत बसतात का हे तपासत ते फाइल कापून काढते. फाइल सिस्टिम पार मोडली तरी हे काम चालते, हेच या पद्धतीचे बळ. उणीवही त्यातूनच येते: फाइलचे नाव आणि फोल्डर डिरेक्टरीत होते, मजकुरात नव्हते, म्हणून ते परत येत नाहीत.

यामुळे फोटोरेक हा शेवटचा उपाय मानावा. फॅट, एक्सफॅट, एनटीएफएस किंवा एक्स्ट२ असेल, तर आधी टेस्टडिस्कमधील ‘ॲडव्हान्स्ड’ व त्यातील ‘अनडिलीट’ वापरून पाहावे. त्यात फाइली नावांसकट मिळण्याची शक्यता असते. लिनक्सवर डिलीट झालेली फाइल एखाद्या चालू प्रोग्रामने अजून उघडी धरली असेल, तर काम आणखी सोपे. प्रॉक फोल्डरात त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली एफडी नावाचा फोल्डर असतो, तिथून ती सरळ कॉपी करता येते. अशा वेळी प्रोग्राम बंद करू नये.

पूर्वतयारी

निम्मे काम फोटोरेक उघडण्याआधीच झालेले किंवा बिघडलेले असते. फाइल गेल्याचे लक्षात येताच त्या डिस्कवर लिहिणे थांबवावे. कार्ड कॅमेऱ्यातून काढावे, पेन ड्राइव्ह अनमाउंट करावा, म्हणजे प्रणालीपासून वेगळा करावा. गेलेल्या फाइली संगणकाच्या मुख्य डिस्कवर असतील, तर तो बंद करून लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरूनच लिनक्स चालते अशा) सुरू करावा. फोटोरेकही त्याच डिस्कवर बसवू नये. विंडोजने ‘फॉरमॅट करायचे का’ विचारले तर नाही म्हणावे. डिस्क दुरुस्त करणारे चेकडिस्क (विंडोज) किंवा एफएससीके (लिनक्स) हेदेखील या टप्प्यावर चालवू नये. ते डिस्कवर लिहितात.

डिस्क अडखळत वाचली जात असेल, तर तिची प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची एका फाइलीत जशीच्या तशी प्रत, करून त्या प्रतिमेवर काम करावे. यासाठी डीडी ही साधी कॉपी करणारी कमांड नको, जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अवघड जागा नंतरसाठी ठेवते. कुठवर आले याची नोंद मॅपफाइलमध्ये राहते, त्यामुळे मध्येच थांबले तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ३२ जीबी कार्डाची प्रतिमा ३२ जीबीचीच होते, आणि ती फॅट३२ डिस्कवर मावत नाही, कारण तिथे एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबी आहे. हे अनेकदा अर्ध्या वाटेवर कळते.

चालवण्याची रीत

लिनक्सवर सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावून आणि विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून फोटोरेक सुरू करावे. आधी डिस्क निवडायची, मग पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग). डिस्क नावावरून नव्हे, तर आकार पाहून ओळखावी. ‘फाइल ऑप्ट’ या पानावर एस दाबला की सगळ्या प्रकारांवरच्या खुणा निघतात. मग हव्या त्या प्रकारांवर खूण करावी. हे टाळले तर हजारो बारीकसारीक फाइलींच्या ढिगात आपले चार फोटो शोधत बसावे लागते. त्यानंतर फाइल सिस्टिम एक्स्ट गटातली की इतर, आणि ‘फ्री’ (फक्त मोकळी जागा) की ‘होल’ (सगळे पार्टिशन), असे प्रश्न येतात. फाइल सिस्टिम धड असून फाइली नुसत्या डिलीट झाल्या असतील तर ‘फ्री’ पुरते. फॉरमॅट किंवा बिघाड झाला असेल तर ‘होल’. शेवटी दुसऱ्या डिस्कवरचा फोल्डर निवडून सी दाबायचा. सेकंदाला २० एमबी या वेगाने ३२ जीबी कार्ड वाचायला सुमारे २७ मिनिटे लागतात. १०० एमबी वेग असला तरी १ टीबी डिस्कला पावणेतीन तास.

मिळालेल्या फाइली ‘रिकप डिर’ नावाच्या फोल्डरांत, प्रत्येकी ५०० पर्यंत, पडतात. नावातला एफ म्हणजे फाइल, टी म्हणजे फोटोच्या आत दडलेले लघुचित्र, बी म्हणजे तुटकी फाइल. पुढचा आकडा सेक्टरचा. जवळचे आकडे पुष्कळदा एकाच बैठकीत काढलेल्या फोटोंचे असतात, म्हणून क्रमाने लावायला हा आकडा उपयोगी पडतो. लिनक्सवर या फाइलींची मालकी रूटकडे (प्रशासकाच्या खात्याकडे) जाते. ती चाउन कमांडने आपल्याकडे घ्यावी.

काय बिघडते

तुकड्यांत विखुरलेली फाइल ही मोठी अडचण. पुढचा ब्लॉक भलत्याच फाइलचा निघाला की फोटोचा खालचा अर्धा भाग करडा किंवा परक्या चित्राचा दिसतो. एमपी४ व्हिडिओची अनुक्रमणिका पुष्कळदा फाइलच्या शेवटी असते. ती तुटली तर नव्वद टक्के दृश्ये हाती असूनही व्हिडिओ चालत नाही. साध्या टेक्स्ट फाइलीला ठरावीक सुरुवातच नसते, त्यामुळे ती अर्धवट किंवा दुसरीला चिकटून येते.

एसएसडीपुढे फोटोरेकचे फारसे काही चालत नाही. फाइल डिलीट झाल्यावर ट्रिम आज्ञा (ही जागा मोकळी झाली असे एसएसडीला सांगणारी) गेली की त्या जागी बहुधा शून्येच वाचायला मिळतात. विंडोज ही आज्ञा लगेच पाठवते, तर उबुंटूवर ती सहसा आठवड्यातून एकदा जाते. म्हणजे तिथे थोडी आशा उरते, पण संगणक ताबडतोब बंद केला तरच. बिटलॉकर (विंडोज) किंवा लक्सने (लिनक्स) कूटबद्ध करून कुलूपबंद केलेली डिस्क आधी उघडावी लागते. कुलपाआड सगळा कचराच दिसतो.

मराठी कागदपत्रांच्या बाबतीत शोधाची एक वेगळी अडचण आहे. नावे गेल्याने फाइल आतल्या शब्दांवरून शोधावी लागते, आणि डॉकएक्स फाइल आतून दाबलेली असल्याने ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडला ते शब्द दिसत नाहीत. ती आधी लिब्रेऑफिसने टेक्स्टमध्ये बदलून घ्यावी. युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेल्या जुन्या फाइलींमध्ये तर ‘ठराव’ हा शब्द देवनागरीत साठवलेलाच नसतो, त्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. अशा वेळी तो शब्द त्याच फाँटात टाइप करावा, फाँट एरियल करून पाहावा, आणि जी अक्षरे दिसतील ती शोधावीत.