मांजराच्या वाटीत ब्रेस्ट पीस कशाला?

कुत्र्या-मांजरांच्या दुकानात ‘माणसांच्या खाण्याच्या प्रतीचं मांस’ असं छापलेलं पाकीट सहसा महागात महाग असतं. घेणाऱ्याला वाटतं, प्राण्याची तब्येतही सांभाळली आणि मनाला टोचणीही उरली नाही. हिशोब मांडून पाहिला तर दोन्हीकडे गोची आहे. कोंबडीच्या छातीच्या पांढऱ्या मांसात टॉरिन हे द्रव्य मांडीच्या काळपट मांसाच्या मानाने कितीतरी कमी असतं. हृदयात ते भरपूर असतं आणि मांजराला नेमकं तेच हवं असतं. शिवाय ब्रेस्ट पीस माणसाच्या ताटात हमखास जातो. कलेजी, पेठा, हृदय, मान यांना गिऱ्हाईक कमी. माणसासाठी कापल्या गेलेल्या कोंबडीचे हे भाग मांजराला घातले, तर त्याच्या वाटणीची वेगळी कोंबडी कापावी लागत नाही. म्हणून घटकांच्या यादीत ‘बाय-प्रॉडक्ट’ दिसलं की नाक मुरडायचं कारण नाही. ते कोणत्या प्राण्याचे, हे लिहिलेलं असावं इतकंच. नुसतं ‘मीट’ लिहून मोकळं होणारं पाकीट मात्र ठेवून द्यावं.

टॉरिनचं महत्त्व मांजरांनीच शिकवलं. १९७५ मध्ये असं दिसलं, की दुधातल्या केसिन या प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांचा डोळ्यांचा पडदा झिजतो, कारण त्यात टॉरिन नसतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं, की विकतचं खाद्य खाणाऱ्या मांजरांचं हृदय फुगून निकामी होण्यामागेही टॉरिनची कमतरता होती आणि ते देताच बऱ्याच मांजरांचं हृदय सुधारलं. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं प्रमाण वाढवलं. घरच्या दूध-चपातीत ते कोण वाढवणार? दूध, पनीर, डाळ, सोयाबीन यांपैकी कशातूनही मांजराची टॉरिनची गरज भागत नाही. मांजर गाजरातल्या कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवू शकत नाही आणि ट्रिप्टोफॅनपासून पुरेसं नायसिनही नाही. तेव्हा घर शाकाहारी असलं तरी मांजर शाकाहारी करायचा प्रयोग स्वयंपाकघरात करू नये. ज्यांना मांसाला हातच लावायचा नाही त्यांनी तयार, संपूर्ण खाद्य घ्यावं, नाहीतर मांजर पाळू नये.

कुत्र्याची गोष्ट निराळी. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढताना त्याच्या शरीराने जुळवून घेतलं. २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना झाली. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात सहसा दोन प्रती, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत आढळल्या. त्यामुळे भात कुत्र्याला बाधत नाही, आणि अंडी घालून आखलेल्या आहारावर तो चांगला राहू शकतो. पण नुसता वरणभात पुरत नाही. त्यात पुरेसं कॅल्शियम नाही, बी-१२ नाही, आणि डाळीतलं फायटेट हे द्रव्य जस्ताला धरून ठेवतं, ते अंगी लागू देत नाही. मग कोपरांवर नि डोळ्यांभोवती खपल्या धरतात आणि लोक शाम्पू बदलत बसतात. रोज उन्हात बसवलं तरी ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही, कारण कुत्र्या-मांजरांच्या कातडीत ते पुरेसं तयारच होत नाही. ते खाण्यातूनच यावं लागतं.

घरी शिजवायचं तर आधी उष्मांक काढा. किलोतलं वजन तीनदा घेऊन एकमेकांशी गुणा (१० × १० × १०), कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, मग ७० ने गुणा. १० किलोच्या कुत्र्याचे सुमारे ३९४ किलोकॅलरी येतात. ही नुसती पडून राहण्याची गरज झाली. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणा, म्हणजे साधारण ६३०. नसबंदी झालेल्या ४ किलोच्या मांजराला १९८ गुणिले १.२, म्हणजे २३८.

६३० किलोकॅलरींच्या आसपासचं कुत्र्याचं एका दिवसाचं जेवण असं होईल: शिजलेला भात २५० ग्रॅम, कातडी काढून शिजवलेलं कोंबडीचं मांडीचं मांस १२० ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, एक चहाचा चमचा तेल आणि मूठभर दुधी किंवा भोपळा. मांस उकडलेलं पाणी ओतून देऊ नका. टॉरिन पाण्यात विरघळतं, ते पाणी भातात घाला. कलेजी एकूण जेवणाच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. रोज कलेजीवर राहिलेल्या मांजराच्या मानेचे मणके ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने जखडतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती कॅल्शियममध्ये. हाडाविना मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो, आणि शरीराला हवं प्रमाण साधारण एकास एक ते दोनास एक, तेही कॅल्शियमच्या बाजूने झुकलेलं. बाहेरून मिळालं नाही की शरीर हाडं पोखरून ते काढतं. मांस-भातावर वाढवलेल्या पिल्लाचे पाय वाकतात, उडी मारली तरी हाड मोडतं. उपाय स्वस्त आहे. अंड्याची टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळा, खडखडीत वाळवा, मिक्सरमधून पिठासारखी दळा आणि चाळून घ्या. या पुडीत सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असतं. वर सांगितलेल्या जेवणाला २ ग्रॅम पुरते, म्हणजे सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडी कमी.

उलट चूकही तितकीच सर्रास होते. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू पिल्लांच्या तयार खाद्यावर असतं, आणि वर कॅल्शियमचं सिरप सुरू होतं. लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम अडवता येत नाही. सांध्यांची वाढ बिघडते ती अशा लाडाने.

इतकं करूनही घरच्या जेवणात जस्त, आयोडीन, ‘ड’ आणि ‘ई’ कमी पडतात. डेव्हिसच्याच संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्क्यांत निदान एक आवश्यक घटक अपुरा निघाला, आणि त्यांत पशुवैद्यांनी लिहिलेल्या पाककृतीही होत्या. म्हणून पूरक पावडर कोणती आणि किती, हे पोषणाचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावं. आणि आपल्या पातेल्यातला रस्सा देऊ नये. कांदा-लसूण शिजवल्यानेही निर्धोक होत नाही, तांबड्या पेशी फुटतात. मांजराला तर किलोमागे ५ ग्रॅम कांदाही भोवतो.

विकतचं घेणाऱ्याने पाकीट उलटं करावं. पहिली ओळ शोधायची ती ‘कम्प्लीट’ की ‘कम्प्लिमेंटरी’. ट्यूनाचे तुकडे दिसणाऱ्या कित्येक पाउचवर आणि चाटायच्या क्रीमवर दुसरा शब्द असतो. ते तोंडीलावणं आहे, जेवण नव्हे. मग ओलावा वजा करा. कोरड्या खाद्यात प्रथिनं २४ टक्के आणि ओलावा १० टक्के, तर २४ भागिले ९०, म्हणजे कोरड्या वजनावर जवळपास २७ टक्के. पाउचवर प्रथिनं ९ आणि ओलावा ८० लिहिलेलं असतं. दिसायला फिकं, पण ९ भागिले २० केलं की ४५ टक्के. अमेरिकी निकषानुसार प्रौढ कुत्र्याला किमान १८ आणि मांजराला २६ टक्के लागतात. यादीत ‘ताजं चिकन’ पहिलं असलं तरी हुरळू नका. क्रम ओल्या वजनावर लावतात आणि ताज्या मांसात साधारण ७० टक्के पाणीच असतं.

हा प्रथिनांचा आकडाही खरं तर नायट्रोजनचा असतो. नमुन्यातला नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात, म्हणून पाकिटावर त्याला ‘क्रूड’ प्रोटीन म्हणतात. या पळवाटेने २००७ मध्ये घात केला. चीनहून अमेरिकेत पशुखाद्यासाठी आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलेलं निघालं. त्याचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असल्याने कागदावर प्रथिनं फुगली, आणि कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं खडे धरून बंद पडली. ‘ग्रेन-फ्री’चा सोसही तपासून घ्यावा. वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या अशा खाद्यांबद्दल आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराबद्दल अमेरिकेच्या अन्न-औषध नियंत्रक एफडीएने २०१८ मध्ये इशारा दिला होता. कार्यकारण सिद्ध झालं नाही, पण धान्य टाळण्यातून बहुतेक कुत्र्यांना फायदा होतो असंही कुणी दाखवलेलं नाही.

मासळीच्या पाउचवर उत्पादनाचा देश वाचा. अनेकांवर थायलंड असतं. तिथल्या मासेमारी बोटींवर वेठीला धरलेल्या कामगारांची प्रकरणं उघड झाली. बेकायदा मासेमारीसाठी युरोपीय संघाने २०१५ मध्ये त्या देशाला पिवळं कार्ड दाखवलं, ते २०१९ मध्ये मागे घेतलं. टिकाऊ मासेमारीचं प्रमाणपत्र देणाऱ्या एमएससी या संस्थेचं निळं चिन्ह बोटींवरच्या श्रमांबद्दल फार थोडं सांगतं, पण मासा कुठल्या साठ्यातून आला त्याचा माग तरी राहतो. कोकणात जाळ्यात आलेली बारकी पिल्लं भुकटीच्या कारखान्यात जातात, आणि ती भुकटी पशुखाद्यात. तेव्हा बाजारातून मांजरासाठी मासे घेताना बोटभर पिल्लांचा वाटा घेऊ नये, मोठ्या माशाची डोकी मागून घ्यावीत, उकडून काटे काढावेत. सुकट आणि जवळा खारट असतात, रोजचं खाणं म्हणून नकोत. कच्चे मासेही नकोत, काही जातींत बी-१ जीवनसत्त्व फोडणारं विकर असतं. त्या कमतरतेत मांजराची मान खाली वळते आणि चाल झोकांड्या खाते.

कच्च्या कोंबडीचं वेड आता आपल्याकडेही पोचलंय. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. मांजरकुळाला हा विषाणू किती जीवघेणा, ते यातून कळावं. फ्रीजरमध्ये तो मरत नाही, शिजवल्यावर मरतो.

मांसाचा खर्च, पैशातला आणि जिवांचा, कमी करायची सोपी वाट म्हणजे वाटी लहान करणं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८ लॅब्रेडॉरच्या अभ्यासात, जोडीतल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणाऱ्या कुत्र्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं, इतरांचं ११.२. बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या हाताला लागाव्यात.

कोरडं खाद्य सुट्टं घेऊ नका. उघड्या पोत्यात चरबी खवट होते, पावसाळ्यात बुरशी धरते आणि बॅच नंबर हरवतो. पिशवीसकट डब्यात ठेवून चार ते सहा आठवड्यांत संपवा. खाद्य बदलताना सात दिवस घ्या, पहिले दोन दिवस नवं फक्त पाव हिस्सा. कुत्रा रुसला तर एखादं जेवण चुकलं तरी चालतं. मांजराला ‘भूक लागली की खाईल’ हा न्याय लावू नका. जाडं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साचून ते दगावू शकतं. दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही तर जुनं खाद्य परत द्या, आणि तेही नाकारलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.