‘डॉक्टर हू’: परत आलेल्या मालिकेची पूर्वपीठिका

डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि २० तारखेला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमध्ये बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेत डालेक नावाच्या राक्षसाची पहिली झलक दिसली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण ही मालिका किती जुनी आहे हे त्यातून चटकन लक्षात येईल. आपल्याकडे तेव्हा मुंबई दूरदर्शन सुरू व्हायलाही आणखी नऊ वर्षं जायची होती.

मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबरचा, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशीचा. (हल्ली ही तारीख ऐन इफ्फी या चित्रपट महोत्सवात येते, त्यामुळे पणजीत तिची आठवण कोण काढणार!) निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट आणि दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन, दोघंही तिशीच्या आतले. बीबीसीला विज्ञानकथा नवी नव्हती. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉईल यांनी सहलेखन केलेली एक मालिका १९६१ मध्येच तिथे येऊन गेली होती.

मालिकेचा नायक डॉक्टर म्हणजे काळातून प्रवास करणारा एक परग्रहवासी. ही भूमिका प्रथम करणारे विल्यम हार्टनेल यांची तब्येत १९६६ मध्ये साथ देईना, तेव्हा लेखकांनी तोडगा काढला: हा परग्रहवासी मरणाच्या दारात पोचला की त्याला नवं शरीर मिळतं. दशावतारात नट बदलला तरी संकासूर संकासूरच राहतो. इथे चेहऱ्याबरोबर स्वभावही बदलतो. एवढ्या एका युक्तीवर मालिका १९८९ पर्यंत चालली. मधल्या काळात बीबीसीने जुन्या टेप पुसून टाकल्या, त्यात साठच्या दशकातले कितीतरी भाग कायमचे गेले. शेवटची वर्षं तर केविलवाणी होती. पैसा तुटपुंजा, आणि कथा जुन्या कथांचेच संदर्भ चघळणाऱ्या. १९९६ मध्ये अमेरिकेच्या साथीने एक टेलिफिल्म झाली, पण तिच्यातून मालिका काही उभी राहिली नाही.

२६ मार्च २००५ ला लेखक-निर्माते रसेल टी. डेव्हिस यांनी ती परत आणली, आणि आणताना बरंच सामान बाहेर फेकलं. पंचवीस मिनिटांचे, अर्ध्यावर लटकत ठेवणारे भाग गेले. बहुतेक गोष्टी पंचेचाळीस मिनिटांत संपू लागल्या. मधल्या काळात एक महायुद्ध होऊन डॉक्टरची सगळी जमात संपली, असं सांगून सव्वीस वर्षांच्या इतिहासाचं ओझंही उतरवलं. त्या जागी आली लंडनमधल्या दुकानात काम करणारी रोझ, डॉक्टरची प्रवासातली सोबतीण, आणि तिची आई जॅकी.

त्या पहिल्याच वर्षातला एक प्रसंग पाहा. बारा तासांनी परत आणलं असं समजून डॉक्टर रोझला घरी सोडतो. प्रत्यक्षात गेलेले असतात बारा महिने. लेक बेपत्ता म्हणून आईने तिचे फोटो सगळीकडे लावलेले. डॉक्टरच्या थोबाडीत बसते ती तिथे. कालप्रवासाची किंमत मागे राहिलेल्या माणसाला मोजावी लागते, हे जुन्या मालिकेने इतकं थेट क्वचितच दाखवलं होतं. पुनरुज्जीवनाची खरी कमाई मला ही वाटते. संगणकावरची दृश्यं नंतरची.

खोटही त्याच निर्णयात होती. पंचेचाळीस मिनिटांत घरची रडारडही हवी आणि जग वाचवायचंही, म्हणजे शेवटची पाच मिनिटं घाईत जाणार. एखादं बटण दाबलं, एखादं भाषण ठोकलं की संकट टळलं. शिवाय दर हंगामाच्या शेवटी आधीच्यापेक्षा मोठा प्रलय हवा. आधी पृथ्वी, मग विश्व, मग सगळी विश्वं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रेक्षकाच्या पोटात गोळा येईनासा होतो.

उलट हात आखडता घेतला तेव्हा मालिका झळाळली. २००८ चा ‘मिडनाइट’ हा भाग फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात स्पर्धेची नाटकं बघणाऱ्या कुणालाही आवडेल. बंद पडलेली एक प्रवासी गाडी, मोजकी माणसं, आणि त्यांच्यातल्या एकीच्या अंगात शिरलेलं काहीतरी. ते काय, हे दिसत नाही. आधी ती दुसऱ्यांचे शब्द मागाहून उच्चारते, मग बरोबरीने, शेवटी डॉक्टरच्या आधी. घाबरलेले सज्जन प्रवासी डॉक्टरलाच बाहेर फेकायला निघतात. हेही डेव्हिस यांनीच लिहिलेलं.

पुढे सूत्रं स्टीव्हन मॉफट आणि नंतर ख्रिस चिबनॉल यांच्याकडे गेली. मॉफट यांच्या कोड्यांत बुद्धी होती, पसाराही होता. चिबनॉल यांच्या काळात जोडी व्हिटेकर ही पहिली स्त्री-डॉक्टर आली आणि विनय पटेल यांनी लिहिलेला फाळणीवरचा सुरेख भागही झाला. पण २०२० मध्ये डॉक्टरचं मूळच नव्याने सांगायचा घाट घातला गेला. कुणी मागितलं होतं?

२०२३ मध्ये डेव्हिस परतले, सोबत डिस्नीचा पैसा. न्चुटी गाट्वासारखा तगडा नट मिळाला, पण हंगाम आठ भागांचा. सोबतिणीशी नातं मुरायच्या आत निरोपाची वेळ. २०२५ मध्ये ‘मिडनाइट’मधल्या त्या अदृश्य जिवाकडेच कथा वळली. भाग बरा होता, पण जुन्या कथा चघळण्याचा ऐंशीच्या दशकातला आजार इथे पुन्हा दिसतो. त्याच वर्षी डिस्नी बाहेर पडली. त्याआधी, ३१ मे रोजी, गाट्वाच्या डॉक्टरचा चेहरा बदलला आणि समोर आली बिली पायपर, २००५ ची रोझ. श्रेयनामावलीत तिचं नाव दिलं. ती कोण, ते मात्र सांगितलं नाही.