स्टुडंटकॅम की नॅशनल हिस्टरी डे? नाव माहितीपटाचं, प्रश्न मात्र दोन

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या घरी एक गोंधळ हमखास होतो. मूल सांगतं, "माहितीपटाची स्पर्धा आहे." पण कोणती? संसदेचं कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीची स्टुडंटकॅम, की नॅशनल हिस्टरी डे? दोन्ही सहावी ते बारावीसाठी. दोन्हींत मिडल स्कूल आणि हायस्कूलचे गट वेगळे. दोन्ही दरवर्षी एक सूत्र देतात आणि दोन्हींत हक्क, कायदे, राज्यघटना हे विषय फिरून फिरून येतात. मग एकच फिल्म दोन्हीकडे का पाठवू नये?

माझं उत्तर स्पष्ट आहे: पाठवू नये. मुलाची मेहनत वाया जाते, कारण दोन्हीकडे विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. २०२५ची सूत्रं पाहा. स्टुडंटकॅमचं होतं 'राष्ट्राध्यक्षांना तुमचा संदेश', म्हणजे तुमच्या दृष्टीने आज सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता. हिस्टरी डेचं होतं 'इतिहासातील हक्क आणि जबाबदाऱ्या'. पहिल्याला आज काय व्हायला हवं ते ऐकायचं आहे, दुसऱ्याला काय घडलं आणि का घडलं ते.

मतदानाच्या वयाचा विषय घेऊ, म्हणजे फरक डोळ्यांसमोर येईल.

हिस्टरी डेची फिल्म व्हिएतनाम युद्धापासून सुरू होईल. अठराव्या वर्षी सैन्यात भरती व्हायचं, पण बहुतेक राज्यांत मत द्यायला एकविसावं उजाडायचं. १९७०मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून हे वय १८वर आणलं. त्याच वर्षी ऑरेगन विरुद्ध मिचेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की काँग्रेसला हे फक्त केंद्राच्या निवडणुकांपुरतं ठरवता येईल, राज्यांच्या निवडणुकांसाठी नाही. झालं! आता एकाच मतदाराला एका निवडणुकीत मत आणि दुसरीत नाही. राज्यांपुढे दोन-दोन मतदारयाद्या सांभाळण्याचा खर्च आणि घोळ उभा राहिला. त्यातून सुटायचं म्हणून राज्यांनीही घाई केली. मार्च १९७१मध्ये काँग्रेसने राज्यांकडे पाठवलेली, सर्व निवडणुकांसाठी वय १८ करणारी २६वी घटनादुरुस्ती १ जुलैला पुरेशा राज्यांनी मान्य केलेली होती. इतक्या झपाट्याने दुसरी कुठलीही घटनादुरुस्ती संमत झालेली नाही.

'तरुणांनी आंदोलन केलं आणि हक्क मिळाला' एवढंच सांगणारी फिल्म खोटी नसते, पण अपुरी असते. मतदारयाद्यांच्या डोकेदुखीपर्यंत पोचलेलं मूल इतिहासाचं खरं काम करतं. हिस्टरी डेला तेच हवं असतं. तिथे ८० टक्के गुण इतिहासाच्या कामाला आहेत, सादरीकरणाला फक्त २०. फिल्म १० मिनिटांपर्यंत चालते. गटात दोन ते पाच जण चालतात किंवा एकट्यानेही करता येते. सोबत काम कसं केलं याचं ५०० शब्दांपर्यंतचं टिपण आणि संदर्भांची टिपांसह यादी द्यावी लागते, त्यातही मूळ साधनं वेगळी आणि दुय्यम वेगळी. शिवाय परीक्षक मुलांशी प्रत्यक्ष बोलतात. आईबाबांनी रात्री बसून लिहिलेली वाक्यं तिथे लगेच उघडी पडतात, आणि पडायलाच हवीत.

आता याच विषयावर स्टुडंटकॅम. इथे प्रश्न होईल: मतदानाचं वय १६ करावं का? मेरिलँडमधल्या टाकोमा पार्क शहराने २०१३मध्ये शहराच्या निवडणुकीत १६ वर्षांच्या मुलांना मतदानाचा हक्क दिला. मार्च २०१९मध्ये खासदार अयाना प्रेस्ली यांनी केंद्राच्या निवडणुकांसाठी तशीच दुरुस्ती एका विधेयकाला सुचवून प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, मांडली. ती १२६ विरुद्ध ३०५ मतांनी पडली, आणि विरोधात दोन्ही पक्षांचे सदस्य होते. ही चर्चा सी-स्पॅनच्या संग्रहात आहे आणि ते महत्त्वाचं आहे, कारण फिल्ममध्ये सी-स्पॅनची चित्रफीत वापरणं बंधनकारक असतं. प्रतिनिधिगृहाचं कामकाज टीव्हीवर दिसू लागलं ते मार्च १९७९पासून. म्हणजे १९७१च्या चर्चेची चित्रफीत तिथे मिळणारच नाही. नंतर केलेले इतिहासाचे कार्यक्रम सापडतील, पण मूळ प्रसंग नाही.

वेळ फक्त ५ ते ६ मिनिटं, गट जास्तीत जास्त तिघांचा. आणि एक अट मला सर्वांत मोलाची वाटते: विषयाच्या वेगवेगळ्या बाजू दाखवायला हव्यात. बरीच मुलं इथेच घसरतात. विरोधकाला दहा सेकंद देतात, तेही त्याचं सर्वांत कच्चं वाक्य निवडून. खरं म्हणजे त्या ३०५ जणांपैकी एखाद्याचा सर्वांत सबळ मुद्दा शोधून तो त्याच्याच तोंडून ऐकवायला हवा. चौदा वर्षांच्या मुलासाठी हे सोपं नाही. त्यासाठी आधी स्वतःचं मत बाजूला ठेवून ऐकावं लागतं.

सीमारेषा नेहमीच इतकी ठळक नसते, हेही खरं. २०२६चं स्टुडंटकॅमचं सूत्र स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याभोवती आहे, म्हणजे ते आपणहून इतिहासाकडे झुकतं. अशा वर्षी गोंधळ वाढतो आणि नियम दोनदा वाचावे लागतात.

बक्षिसांचं थोडक्यात. स्टुडंटकॅममध्ये अलीकडच्या वर्षांत १५० बक्षिसं, मिळून १ लाख डॉलर, सर्वांत मोठं ५ हजारांचं. हिस्टरी डेमध्ये पायऱ्या चढाव्या लागतात: शाळा, विभाग, राज्य आणि मग जूनमध्ये मेरिलँड विद्यापीठात राष्ट्रीय फेरी.

दोन्ही करायचंच असेल, तर फिल्म नव्हे, अभ्यास पुन्हा वापरा. स्टुडंटकॅमच्या नोंदी साधारण जानेवारीत द्यायच्या असतात, म्हणून वय १६ची फिल्म आधी करा. त्यात १९७१ला पहिली तीस सेकंदं पुरतात. जमवलेली वर्तमानपत्रं आणि ऑरेगन विरुद्ध मिचेलचा निकाल मात्र नीट नोंद करून बाजूला ठेवा. हिस्टरी डेची संदर्भयादी तिथूनच सुरू होईल.