व्यापारी गिल्डचे शुल्क आणि त्याची न्याय्यता

ऑनलाइन भूमिका-खेळांत खेळाडू एकत्र येऊन व्यापारी गिल्ड, म्हणजे माल विकण्यासाठीचे संघ, उभ्या करतात. अशी गिल्ड आपल्या सदस्यांकडून साप्ताहिक वर्गणी घेते, विक्रीतला वाटा घेते, कधी सोडतीची तिकिटे विकते, तर कधी किमान विक्रीची अट घालते. या सगळ्या देण्यांना मिळून गिल्ड शुल्क म्हणतात. खेळ चालवणारी कंपनी बाजारावर जो कर लावते तो वेगळा. त्यावर वाद घालून काही हाती लागत नाही. गिल्ड शुल्क मात्र खेळाडूच खेळाडूंवर बसवतात, त्यामुळे ते योग्य आहे का, हा प्रश्न थेट त्या माणसांना विचारता येतो आणि विचारायलाही हवा.

या शुल्काचा सर्वांत जास्त विचार ज्या खेळात झाला तो म्हणजे २०१४ साली आलेला ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’. यात सगळ्या जगाचा मिळून एकच बाजार नाही. माल बाजारात मांडायचा तर गिल्डच्या दुकानातूनच. दुकान उघडायला किमान ५० सदस्य लागतात आणि एका गिल्डमध्ये जास्तीत जास्त ५०० सदस्य मावतात. एका खेळाडूला एकाच वेळी पाच गिल्डमध्ये राहता येते व प्रत्येक दुकानात तीस वस्तू मांडता येतात. पण नुसत्या दुकानाने भागत नाही, कारण त्यातला माल फक्त सदस्यांनाच दिसतो. बाहेरचे गिऱ्हाईक हवे असेल तर शहरातला एखादा व्यापारी, म्हणजे स्टॉल, भाड्याने घ्यावा लागतो. त्यासाठी दर आठवड्याला बोली लागते आणि ती गुप्त असते. समोरच्याने किती लावले हे कळत नाही. हरलेल्या बोलीचे गोल्ड (खेळातले चलन) परत मिळते, जिंकलेल्या बोलीचे खेळातून कायमचे नाहीसे होते. वर्दळीच्या शहरातला स्टॉल हातचा गेला की आठवडाभर विक्री बसते. म्हणून २०१९ मध्ये एका गिल्डला पसंतीक्रमाने दहापर्यंत बोली लावण्याची सोय केली गेली. त्याआधी मोठ्या गिल्ड पर्यायी स्टॉल हाताशी राहावा म्हणून नावापुरत्या दुसऱ्या गिल्ड पाळत असत.

हिशोब कसा बसतो

या खेळात वस्तू मांडताना तिच्या किमतीच्या १ टक्का रक्कम आधी भरावी लागते. वस्तू विकली गेली की आणखी ७ टक्के कापले जातात. त्यातला अर्धा भाग, म्हणजे साडेतीन टक्के, गिल्डच्या बँकेत जमा होतो आणि उरलेला खेळातून नाहीसा होतो. एक लाख गोल्डचा माल विकणाऱ्याच्या हाती ९२,००० येतात आणि गिल्डला न मागता ३,५०० मिळतात. विकणारा सदस्य आपला वाटा इथे आधीच देऊन बसलेला असतो. वर्गणीच्या वादात ही गोष्ट फार लवकर विसरली जाते.

आता समजा ५०० सदस्यांच्या एका गिल्डने आठवड्याला ५० लाख गोल्डची बोली लावली. सदस्यांची सरासरी विक्री दीड लाख असेल तर एकूण विक्री साडेसात कोटी होते आणि गिल्डचा वाटा येतो २६ लाख २५ हजार. तूट राहते २३ लाख ७५ हजारांची. ती सर्वांवर सारखी वाटली तर माणशी ४,७५० गोल्ड पडतात. गिल्डने ४,७५० मागितले तर त्यात कोणाला बोट ठेवायला जागा नाही. पण तिने सरसकट १०,००० मागितले तर पूर्ण बोली वर्गणीतूनच निघते आणि विक्रीतून आलेले २६ लाख २५ हजार बँकेत शिल्लक पडतात. शिल्लक राहणे वाईट नाही. पुढच्या आठवड्यात कोणी जास्त बोली लावली तर तीच शिल्लक कामी येते. मात्र ती किती आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि कशासाठी राखली आहे, हे सदस्याला कळायला हवे. ते कळत नसेल तर वर्गणी चार हजार असो की दहा हजार, तिच्यावर शंका येणारच.

सरसकट वर्गणीचा दुसरा दोष सोप्या भागाकारातून दिसतो. आठवड्याला वीस लाखांची विक्री करणाऱ्याला १०,००० गोल्ड म्हणजे अर्धा टक्का. एक लाखाची विक्री करणाऱ्याला तेच १० टक्के, आणि ज्याचे त्या आठवड्यात काहीच विकले नाही त्याला ते घरचे घालावे लागतात. टक्केवारीचा वाटा मात्र विक्रीप्रमाणे आपोआप कमीजास्त होतो. त्यामुळे लहान सदस्याच्या दृष्टीने टक्केवारी बरी आणि सरसकट वर्गणी जड. गिल्ड चालवणाऱ्याच्या दृष्टीने उलटे, कारण बोलीची रक्कम आधी लागते आणि विक्री नंतर होते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तरीही तुटीचा भार सर्वांत कमी विकणाऱ्यावर टाकणे योग्य म्हणता येणार नाही. ‘वर्गणी किंवा ठरावीक विक्री, दोन्हींपैकी एक’ असा नियम अनेक गिल्ड ठेवतात. त्यात मोठा विक्रेता वर्गणीतून सुटतो आणि तुटीचा बोजा पुन्हा लहानावरच येतो.

इतर खेळांत ही घडी वेगळी आहे. २००३ पासून चालू असलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये खेळाडूंची कॉर्पोरेशन सदस्यांच्या कमाईवर आपला कर ठरवते. २०१६ पासून खेळाडूंनी बांधलेल्या तळांवर बाजार भरू लागले आणि तिथली दलाली तळाचा मालक ठरवू लागला. दर परवडला नाही तर विक्रेता दुसऱ्या तळावर जातो, त्यामुळे मालकालाही हात आखडता घ्यावा लागतो. ‘अल्बिऑन ऑनलाइन’मध्ये सदस्यांना मिळणाऱ्या चांदीतून (तिथल्या चलनातून) गिल्ड ठरवील तेवढा कर आपोआप कापला जातो. हा खेळ २०२१ पासून मोबाइलवर चालतो, आणि घरात संगणक नसलेल्या गावातल्या पोरांसाठी त्याला महत्त्व आहे ते यामुळेच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये लिलावघर खेळाचेच आहे. त्यामुळे तिथे शुल्काचा प्रश्न गिल्डपर्यंत येतच नाही.

कारंज्यापासूनचा धडा

विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या खेळाडूला हा वाद नवा वाटायचे कारण नाही. त्याच्या घरात तो बाजार समितीच्या नावाने पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद घेतली जाते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, आणि १९२८ च्या शाही कृषी आयोगाने असे बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली. महाराष्ट्रातल्या आजच्या बाजार समित्या १९६३ च्या कायद्याने चालतात.

नियंत्रण आले ते कास्तकाराच्या मालातून होणाऱ्या कापाकापीमुळे. अडत (दलाली), तोलाई, हमाली तर होतीच. त्यावर धर्मादाय, नमुना, कटती अशा नावांनीही माल आणि पैसा जात असे. सौदा रुमालाखाली, बोटे दाबून व्हायचा. भाव किती ठरला हे दलाल आणि खरेदीदार या दोघांनाच ठाऊक असायचे, आणि ज्याचा कापूस बंडीत भरलेला होता तो बाजूला उभा असायचा. उघड हर्रास, काट्यावरची पावती आणि छापील दर हे त्यावरचे उत्तर होते. आजही कास्तकार हिशोबपट्टी हातात घेतो तेव्हा वरचा भाव पाहून थांबत नाही, खालच्या कपातीच्या ओळी एकेक करून वाचतो. हमाली किती लावली, तोलाई कोणाच्या नावे टाकली, वजन काटापट्टीशी जुळते का, आणि शेवटी चुकारा किती हाती पडतो. २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला समितीच्या नियमनातून काढला. त्यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णयही तेव्हाच झाला. म्हणजे एकच शुल्क, पण ते कोणाच्या खिशातून जावे याचे उत्तर बदलले.

गिल्डच्या शुल्काला हीच नजर लावावी. दर किती, हे विचारून थांबू नये. तो कोणी ठरवला, कपात कुठे लिहिली आहे आणि पट्टी कोणाला पाहता येते, हेही विचारावे. अर्थात खेळातले गोल्ड गेले म्हणून कोणाची चूल विझत नाही. हा फरक मोठा आहे आणि तो पुसू नये. पण ते गोल्ड मिळवायला दिलेला वेळ खरा असतो. दिवसभर राबून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाचा वेळ तर मोलाचाच.

हंगाम, वीज आणि ‘निष्क्रिय’ सदस्य

गिल्डच्या नियमांत खेड्यातल्या खेळाडूला सर्वांत जास्त मार बसतो तो वर्गणीचा नाही, हजेरीच्या अटीचा. सात किंवा चौदा दिवस खेळात न आलेल्याला काढून टाकायचे, हा नियम अनेक ठिकाणी असतो. पाचशेच्या मर्यादेत एकेक जागा मोलाची असल्याने त्यामागचे कारण समजते. पण पश्चिम विदर्भात ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला येते, मग दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, हिवाळ्यात हरभऱ्याचे ओलित आणि त्यापाठोपाठ तुरीची काढणी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे नोव्हेंबरात धान कापायचा असतो. त्यात कृषिपंपाची थ्री फेज वीज पाळीप्रमाणे काही दिवस रात्रीच मिळते. ज्या वेळी शहरातला खेळाडू निवांत बसतो, त्या वेळी इकडचा माणूस विजेरी घेऊन पाटाचे पाणी वळवत असतो.

अशा वेळी गिल्डच्या डिस्कॉर्डवर (गप्पांच्या अॅपवर) मजकूर येतो : ‘भाऊ, या हप्त्यात सोयाबीन काढनं चालू हाये, वर्गणी पुढच्या हप्त्यात टाकतो.’ त्याला ‘नियम सगळ्यांना सारखा’ असे उत्तर देणारी गिल्ड आपल्या मते चोख वागते. पण सारखा नियम सारखा भार टाकतोच असे नाही. वर्षभर इमानाने वर्गणी भरलेल्या सदस्याला काढणीच्या दोन आठवड्यांसाठी बाहेर काढणे अन्यायाचेच आहे, मग नियमावलीत काहीही लिहिलेले असो. उपाय अवघडही नाही. आगाऊ वर्गणी घ्यावी, हंगामाची रजा मान्य करावी, किंवा हजेरी आठवड्यावर न मोजता तीन महिन्यांच्या विक्रीवर मोजावी. पूर्वसूचना दिलेल्या सदस्याची जागा राखून ठेवणाऱ्या गिल्ड आहेत, आणि त्यांची दुकाने त्यामुळे बसली नाहीत.

पट्टी कोणाला दिसते

विक्रीची बाजू बऱ्यापैकी उघडी असते. संगणकावर खेळणारे ‘मास्टर मर्चंट’सारखे अॅड-ऑन (खेळाला जोडायची छोटी साधने) वापरतात. त्यात गिल्डच्या दुकानातल्या विक्रीची नोंद राहते, त्यामुळे एकूण विक्रीला साडेतीन टक्क्यांनी गुणले की गिल्डला किती मिळाले हे कोणीही सदस्य काढू शकतो. बोलीचा आकडा मात्र सहसा गिल्डमास्टर आणि दोनचार अधिकाऱ्यांपुरताच राहतो. प्रतिस्पर्धी गिल्डचा माणूस सदस्य बनून आत बसलेला असू शकतो, त्यामुळे आठवडा चालू असताना तो लपवणे रास्त आहे. आठवडा उलटून स्टॉलचा निकाल लागल्यावर मात्र लपवण्यासारखे फारसे काही उरत नाही. मागच्या महिन्याची एकूण बोली, विक्रीचा वाटा, वर्गणी, सोडतीतून आलेले आणि शिल्लक, एवढ्या पाच ओळी महिन्यातून एकदा टाकल्या तरी निम्मे वाद मिटतात. या ओळी टाकायला नकार देणाऱ्या गिल्डचे शुल्क कमी असले तरी त्यावर विश्वास ठेवणे कठीण.

गिल्डमास्टरच्या कष्टांचाही विचार व्हावा. दर आठवड्याला बोली ठरवणे, गळालेल्यांच्या जागी नवे सदस्य आणणे, भांडणे सोडवणे, याद्या ठेवणे हे बिनपगारी काम आहे आणि ते करणारा बरेचदा स्वतः खेळायचाच राहून जातो. त्याने आपल्या श्रमाचा मोबदला घ्यावा का? सांगून घेतला तर हरकत नसावी. ‘बँकेतल्या शिल्लकीचा अमुक भाग अधिकाऱ्यांना’ असे नियमावलीत स्पष्ट लिहिलेले असेल तर सदस्य ते मान्य करूनच आत येतो. न सांगता घेतलेला मोबदला मात्र जुन्या बाजारातल्या कटतीच्याच जातीचा.

सोडती आणि दान केलेल्या वस्तूंचे लिलाव हे ऐच्छिक मार्ग आहेत. अनेक गिल्ड सक्तीच्या वर्गणीऐवजी त्यांच्यावरच चालतात. बक्षिसावर किती खर्च होणार आणि बोलीसाठी किती उरणार, हे तिकीट विकण्याआधी सांगितले तर तो मार्ग चांगला आहे. पण ‘ऐच्छिक’ म्हणायचे आणि तिकीट न घेणाऱ्याचे नाव सर्वांसमोर काढायचे, ही वर्गणीच झाली.

वर्गणी थकली म्हणून बाहेरच्या दलालाकडून खरे रुपये देऊन गोल्ड विकत घेणे हे जवळपास सर्व मोठ्या खेळांच्या नियमांत निषिद्ध आहे. पकडले गेले तर खाते बंद होते. ‘डायब्लो ३’ने २०१२ मध्ये खऱ्या पैशांचे लिलावघर स्वतःच उघडून पाहिले आणि मार्च २०१४ मध्ये ते बंद केले. गिल्डने वर्गणी इतकी वाढवू नये की गावातल्या पोराला ती भरायला यूपीआय उघडावे लागेल. तशी वेळ आली तर दोष भरणाऱ्याइतकाच मागणाऱ्याचाही.

सोडून जाण्याची मुभा

सदस्याला नुकसान न होता बाहेर पडता येते का, यावरही शुल्काची न्याय्यता अवलंबून असते. पाच गिल्डची मुभा असल्यामुळे वर्गणीवाली एक आणि बिनवर्गणीची एक, अशा दोन दुकानांत सारखाच माल मांडून आठवडाभराची विक्री ताडून पाहता येते. पहिल्या दुकानातून मिळालेल्या जास्तीच्या विक्रीतून वर्गणी निघत असेल तर ती परवडली. निघत नसेल तर गिल्ड बदलावी. मांडलेल्या वस्तूचा १ टक्का आधीच भरलेला असतो, म्हणून बाहेर पडण्यापूर्वी महागडा माल विकला जाईपर्यंत थांबणे चांगले. वर्षाची वर्गणी आगाऊ घेणाऱ्या गिल्डने उरलेल्या महिन्यांची रक्कम परत करण्याचा नियम लिहून ठेवावा, आणि सदस्याने तो वाचूनच गोल्ड जमा करावे.