नायट्रोजन की साधी हवा? गाडीवाल्यांच्या विनोदामागची पार्श्वभूमी

"हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहेच, तेव्हा उरलेल्या २२ टक्क्यांचेच पैसे घ्या." टायरच्या दुकानात साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरायचे पैसे मागतात, त्यावरचा हा टोमणा. गाडीवाले एकत्र जमले आणि टायरचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी टाकतोच. मग एकेक भर पडत जाते. एकाला महाबळेश्वरची हवा भरायची असते, म्हणजे घाटात गाडी तापणार नाही. दुसरा हेलियम सुचवतो, गाडी हलकी होऊन ॲव्हरेज वाढेल म्हणून. निवडणुका जवळ आल्या असतील तर ज्या पक्षाची हवा आहे त्याची भरून घ्या, फुकट मिळेल, असा सल्ला येतो. हे विनोद जुनेच, पण त्यांना खरा जोर आला तो जुलै २०१९ मध्ये.

८ जुलै २०१९ च्या पहाटे यमुना एक्स्प्रेसवेवर आग्र्याजवळ एक बस पुलावरून खालच्या नाल्यात कोसळली आणि २९ जणांचा जीव गेला. त्याच दिवशी राज्यसभेत एक्स्प्रेसवेवरच्या अपघातांचा विषय निघाला. उत्तर देताना केंद्रीय मंत्र्यांनी सांगितलं की, टायर तयार करताना रबरात सिलिकॉन मिसळणं आणि टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणं बंधनकारक करण्याचा सरकारचा विचार आहे. सिमेंटचा रस्ता, वेग आणि उष्णता यांमुळे टायर फुटतात, ते थांबवायचं, हा त्यामागचा हेतू. हेतूबद्दल वाद घालण्याचं कारण नाही. पण त्या पहाटेच्या अपघातात चालकाला डुलकी लागली असावी असा अंदाज होता. टायर फुटल्याचं कुणी म्हटलेलं नव्हतं. प्रश्न अपघाताचा होता आणि दिवसभर चर्चा झाली टायरमधल्या वायूची.

रबरातल्या घटकाबद्दल तेव्हा फार कमी लोक बोलले, खरं तर तो भाग जास्त भक्कम होता. घोषणेत शब्द सिलिकॉन होता, टायरवाले प्रत्यक्षात वापरतात ती सिलिका, म्हणजे सिलिकॉनचं एक संयुग. रबरात मिसळतात त्या काजळीचा काही भाग काढून त्याजागी सिलिका घातली की ओल्या रस्त्यावर पकड वाढते आणि टायर कमी जोरात फिरतो. हे तंत्र १९९० च्या दशकापासून मोटारींच्या टायरमध्ये रुळलेलं आहे. नायट्रोजनवर मात्र सगळे तुटून पडले, कारण तो प्रत्येकाच्या खिशाला लागणारा होता.

सक्ती करायची म्हटली तर ती तपासायची कशी, हा पहिला अडसर. टायरमध्ये काय आहे हे बाहेरून दिसत नाही. दुकानदार व्हॉल्व्हवर हिरवी टोपी बसवतात, पण हिरवी टोपी कुणीही बसवू शकतो. खरं तपासायचं तर टोलनाक्यावर ऑक्सिजन मोजणारं यंत्र घेऊन प्रत्येक व्हॉल्व्हमधून नमुना घ्यावा लागेल. चौदा-सोळा चाकांच्या ट्रकसमोर हे काम किती चालेल, याचा विचार करा.

दुसरा अडसर शुद्धतेचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टायरच्या दुकानातलं नायट्रोजनचं यंत्र काही सिलिंडर आणून ओतत नाही. बाहेरचीच हवा कॉम्प्रेसरने दाबून ते कार्बनच्या बारीक छिद्रांच्या दाण्यांतून किंवा पोकळ तंतूंच्या पडद्यातून पुढे ढकलतं. त्यात ऑक्सिजन आणि ओलावा मागे राहतो आणि ९५ टक्के किंवा त्याहून थोडा जास्त नायट्रोजन बाहेर पडतो. आता टायर पूर्ण सोडला तरी आत वातावरणाच्या दाबाची साधी हवा उरतेच. तिच्यावर ३२ पॉइंटपर्यंत (पॉइंट म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) ९५ टक्क्यांचा नायट्रोजन भरला, तर आतलं मिश्रण ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचतं आणि १० टक्के ऑक्सिजन शिल्लक राहतो. प्रमाण वाढवायचं तर पुन्हा सोडा, पुन्हा भरा. दुकानात गर्दी असताना हे कोण करतं? मग सक्ती नेमक्या किती टक्क्यांची, याचं उत्तर त्या घोषणेत नव्हतं.

तिसरा अडसर रस्त्यावरचा. रात्री दोन वाजता आडगावी टायर बसला आणि समोर फक्त कॉम्प्रेसरवाला पंक्चरवाला असेल तर काय करायचं? साधी हवा भरायची, दुसरं काय. त्यात बिघडत काहीच नाही. पण 'मिक्स चालत नाही' असं काही दुकानांत ठासून सांगितलं जातं, आणि त्या भीतीने लोक कमी हवेवर शंभर किलोमीटर गाडी हाणतात. हा समज नायट्रोजनच्या सगळ्या विनोदांपेक्षा घातक आहे.

नायट्रोजनची ही प्रतिष्ठा आली विमानांकडून. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून निघालेलं बोइंग ७२७ डोंगरात कोसळलं आणि विमानातले सर्व १६७ जण दगावले. ब्रेक अडकून चाक प्रचंड तापलं होतं आणि टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. तापलेल्या रबरातून सुटणारे ज्वालाग्राही वायू आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की टायर नुसता फुटत नाही, त्याचा स्फोट होतो. त्यानंतर अमेरिकेत नियम कडक झाले. आज तिथे ७५,००० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ३४ टनांपेक्षा जड विमानांच्या ब्रेकच्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांवर जाता कामा नये असा नियम आहे. वर सांगितलेला एकदा भरलेला मोटारीचा टायर या कसोटीला उतरणारच नाही. आणि उतरायची गरजही नाही, कारण मोटारीचे ब्रेक जड विमान धावपट्टीवर थांबवत नसतात.

विमानतळावरून आणि शर्यतीच्या ट्रॅकवरून ही कल्पना २००० नंतरच्या दशकात आपल्याकडच्या टायर शोरूममध्ये उतरली. फॉर्म्युला वनच्या नियमांत तर टायरमध्ये हवा किंवा नायट्रोजन एवढंच चालतं. शोरूमना ती आवडण्याचं कारण सरळ होतं. पेट्रोल पंपावर हवा मोफत द्यावी लागते, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा धंदा होत नाही. नायट्रोजनचे मात्र टायरमागे वीस ते पन्नास रुपये मागता येतात, वर पुढच्या भरणीसाठी गिऱ्हाईक परत येतं. जाहिरातीत चार गोष्टी ठरलेल्या: हवा कमी होत नाही, टायर तापत नाही, ॲव्हरेज वाढतं, टायर फुटत नाही.

यातली पहिली अर्धी खरी आहे. रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्राहक संस्थेने ३१ मॉडेलच्या टायरांच्या जोड्या घेतल्या, एकात हवा, एकात नायट्रोजन, दोन्ही ३० पॉइंटवर, आणि वर्षभर बाहेर ठेवून दिल्या. वर्षाने हवेचे टायर सरासरी साडेतीन पॉइंट उतरले होते, नायट्रोजनचे २.२. म्हणजे बारा महिन्यांत सव्वा पॉइंटचा फरक. महिन्यातून एकदा दाब मोजायला गेज लावणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही, आणि वर्षभर गेजच न लावणाऱ्याचा टायर दोन्हीकडे कमीच भरणार.

'तापत नाही' हे मात्र साफ चुकीचं. तापमान वाढलं की बंद जागेतल्या वायूचा दाब वाढतो, तो वायू कोणताही असो. सकाळी २० अंशांना ३२ पॉइंट भरलेला टायर धावून ६० अंशांवर गेला की ३८ च्या वर दाखवेल, नायट्रोजन असला तरी. खोट निघते ती पाण्यात. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी खालच्या कॉकमधून काढलं नाही तर ते हवेबरोबर टायरमध्ये जातं, तिथे तापून वाफ होतं आणि त्याच प्रवासात आणखी दोन-अडीच पॉइंट चढवतं. नायट्रोजन कोरडा असल्यामुळे हा चढ टळतो. पण रोज टाकी रिकामी करणाऱ्या पंक्चरवाल्याची हवाही जवळपास तेवढीच कोरडी असते.

याच आकड्यांतून उन्हाळ्यातली एक जुनी सवय तपासून पाहावी. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल लागला की 'हवा फुगते, चार पॉइंट कमी ठेव' असं सर्रास सांगतात. काही जण तर धाब्यावर थांबून तापलेल्या टायरमधली हवा सोडतात. ३८ दाखवणारा तो टायर सोडून ३२ वर आणला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गार झाल्यावर तो २६ वर आलेला असतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात बाजूने दुमडतो आणि उलगडतो, त्यातून आत उष्णता साठते, थर सुटतात, आणि १२० च्या वेगात तो फाटतो. टायर फुटण्याचं नेहमीचं कारण हे आहे. जास्त हवेमुळे चांगल्या स्थितीतला टायर फुटणं त्या मानाने विरळा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा असतो तो गार टायरचाच असतो.

मागचा इतिहास थोडक्यात. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ चं, आणि ते विसरलं गेल्यावर १८८८ मध्ये बेलफास्टच्या एका पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा घडवला. त्याआधी चाकांवर भरीव रबर असे. ट्यूबलेस टायर अमेरिकेत १९५५ च्या सुमारास नव्या मोटारींवर सरसकट येऊ लागले. टायरमध्ये हवेशिवाय दुसरं काही भरणं ही मात्र थट्टेची गोष्ट कधीच नव्हती. अनेक फोर्कलिफ्टचे टायर आजही भरीव असतात, खाणीतल्या यंत्रांत फोम भरतात. आणि टायरमध्ये पाणी भरणं हा ज्याला विनोद वाटेल त्याने ऊसपट्ट्यात जाऊन यावं: ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये व्हॉल्व्ह वर घेऊन तीन चतुर्थांश पाणी भरतात, त्या वजनाने नांगरटीत चाक घसरत नाही. बर्फाच्या देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. हेलियमचा हिशेबही होऊन जाऊ दे. मोटारीच्या एका टायरमध्ये हवाच मुळात शंभर-सव्वाशे ग्रॅम असते, त्यामुळे चारही चाकांत मिळून अर्धा किलोसुद्धा वाचत नाही, आणि हेलियम रबरातून इतका भराभर झिरपतो की दर थोड्या दिवसांनी भरत बसावं लागेल.

महाराष्ट्रात हा विषय पुन्हा तापला तो समृद्धी महामार्गामुळे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला आणि पहिल्या काही महिन्यांतच टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. लांबलचक सिमेंटचा सरळ रस्ता, मोटारींना १२० ची वेगमर्यादा, विदर्भातलं ऊन आणि वाटेत थांबायला तेव्हा फारशी सोय नव्हती. नक्षी झिजून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या नाक्यावरून परत पाठवायला सुरुवात झाली. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, हा नियम आधीपासून होताच. नक्षी डोळ्यांना दिसते, खोली मोजता येते, म्हणून ही तपासणी चालली.

टायरवर दोष टाकणं किती सोपं आहे हे १ जुलै २०२३ ला दिसलं. सिंदखेडराजाजवळ मध्यरात्रीनंतर खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. टायर फुटला, असं चालकाने सांगितलं. परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याची खूण मिळाली नाही.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल गाजला. २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या मोटारीचा टायर फुटून एकाचा मृत्यू झाला होता. टायर फुटणं ही देवाची करणी आहे, सबब आपण भरपाई देणं लागत नाही, अशी विमा कंपनीची भूमिका होती. न्यायालयाने ती फेटाळली. टायर फुटण्यामागे जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुने वापरलेले टायर, तापमान अशी कारणं असतात आणि प्रवासाआधी टायर पाहणं हे चालकाचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं. २०१९ च्या घोषणेपेक्षा या निकालाने जास्त काम केलं असं माझं ठाम मत आहे, कारण त्यात जबाबदारी वायूवरून माणसावर आली.

नायट्रोजनची सक्ती नियमात उतरली नाही. जे उतरलं ते वेगळं होतं. २०२० च्या दुरुस्तीने ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असलेल्या मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली. २०२२ च्या अधिसूचनेने टायर फिरताना होणारा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांची मानकं आली. दाबाचा दिवा आता अनेक नव्या गाड्यांत असतो, आणि गाडीवाल्यांच्या गप्पांत नायट्रोजनची जागा हळूहळू तो घेतोय. डिसेंबरात नाशिक-नागपूरकडे पहाटे गाडी काढली की पिवळा दिवा पेटतो आणि दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर आपोआप विझतो. सेन्सर खराब आहे म्हणून गाडी वर्कशॉपला नेणारे बरेच. सेन्सर ठीक असतो. दुपारी भरलेला टायर पहाटेच्या थंडीत तीनेक पॉइंट उतरलेला असतो, आणि चालून गरम झाला की दाब पुन्हा चढतो. अशा वेळी पहाटे, गाडी हलवण्याआधी, स्टिकरवरच्या आकड्यापर्यंत हवा भरून घ्यावी.